पुस्तक वाचून झालं, आता कुणाला तरी सांगा

चांगलं पुस्तक संपलं की माणूस थोडा अस्वस्थ होतो. रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात, घरातले सगळे झोपलेले असतात आणि आपल्याला मात्र कुणाला तरी हलवून उठवावंसं वाटतं. 'अगं, शेवटी त्यानं घर विकलंच!' एवढंच सांगायचं असतं. समोरच्यानं ते पुस्तक वाचलेलं असेल तर उत्तमच. नसेल तर 'आधी वाच, मग बोलू' म्हणून त्याच्या हातात कोंबायचं असतं. ही खुमखुमी जुनी आहे. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही सार्वजनिक वाचनालयात जा, हाताळून हाताळून सैल झालेली एखादी कादंबरी काढा आणि समास बघा. कुणी पेन्सिलीनं 'वा!' लिहिलेलं असतं, त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'काय वा?', आणि त्याच्याही खाली तिसऱ्या कुणीतरी 'पुस्तकात लिहू नये' असं पुस्तकातच लिहून ठेवलेलं असतं. ग्रंथपालांना याचा वैताग येतो, पण मला ते समास वाचायला आवडतात. आता हाच उद्योग मोबाइलवर चालतो. वाचकांचे गट आहेत, रोज कुणी ना कुणी 'हे नक्की वाचा' म्हणून मुखपृष्ठाचा फोटो टाकतं आणि खाली दहा जण आपापलं मत मांडतात.

डॉक्टरनं या विषयात नाक का खुपसावं, असं कुणी विचारेल. सरकारी रुग्णालयात फिजिशियन म्हणून इतकी वर्षं काढल्यावर साठीपुढच्या रुग्णांना भूक, झोप, शौच विचारून झालं की मी आणखी एक प्रश्न विचारतो : हल्ली काय वाचता? उत्तरापेक्षा 'हल्ली' या शब्दावर रुग्ण किती अडखळतो, याकडे माझं लक्ष असतं. 'पूर्वी वाचायचो' असं उत्तर आलं, तर का सुटलं ते शोधावं लागतं. त्या 'का'मध्ये कधी कधी अख्खा आजार लपलेला असतो.

पण आधी मेंदूकडे वळू. वाचन ही मेंदूला निसर्गानं दिलेली देणगी नव्हे. बोलणं माणूस फार आधीपासून करतो. लिपी मात्र पाचेक हजार वर्षांचीच. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळं केंद्र उत्क्रांत होणं शक्यच नाही. मग आपण वाचतो कशानं? फ्रेंच संशोधक स्तानिस्लास दहेन यांनी याचं उत्तर दिलं, ते मला आपल्या घरांतल्या सवयीसारखं वाटतं : जुन्या वस्तूचा नवा उपयोग. डाव्या मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात चेहरे, वस्तू, आकार ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यातलाच एक तुकडा अक्षर ओळखण्याच्या कामाला जुंपला जातो. त्यांच्या गटानं २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांच्या मेंदूचे स्कॅन काढले. काही निरक्षर, काही मोठेपणी साक्षर झालेले, काही लहानपणी शाळेत गेलेले. मोठेपणी अक्षर ओळख झालेल्यांच्या मेंदूतही हा बदल दिसला.

आपल्या जवळचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या तिशीच्या आसपासच्या निरक्षर माणसांना, त्यात बहुतेक स्त्रिया, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं गेलं. आधी आणि नंतर एमआरआय काढले. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बदल फक्त मेंदूच्या वरच्या थरातच झाले नव्हते, ते पार खाली थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभापर्यंत, म्हणजे मेंदूच्या फार जुन्या भागांपर्यंत पोचले होते. 'आता या वयात काय शिकणार' म्हणणाऱ्या प्रत्येक सुनेला, मुलाला आणि खुद्द आजींना हा अभ्यास सांगावा, असं मला नेहमी वाटतं. म, क, ल यांनी सहा महिन्यांत एवढी उलथापालथ केली!

वाचलेलं दुसऱ्याला सांगताना मेंदू आणखी वेगळं काम करतो. वाचताना शब्द समोर असतात. सांगताना ते आतून काढावे लागतात. कोण, कुठे, का, मग काय झालं, हे सगळं आठवून, गाळून, क्रम लावून मांडावं लागतं. या आतून काढण्याचा स्मरणशक्तीला काय उपयोग होतो, यावर रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला; काहींनी पुन्हा न वाचता, जेवढं आठवतं तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा पारडं फिरलं. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के मजकूर होता, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. 'मी पुस्तक वाचतो पण लक्षातच राहत नाही हो डॉक्टर' ही तक्रार पन्नाशीनंतर जवळजवळ प्रत्येक जण करतो. त्यावर माझा उलट प्रश्न असतो, 'वाचून झाल्यावर कुणाला सांगता का?' बहुतेक जण सांगत नसतात. बदाम खाऊन पाहिलेले असतात.

ऐकणाऱ्याचं काय होतं, तेही पाहिलं गेलं आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी एका व्यक्तीला एफएमआरआय यंत्रात आपल्या आयुष्यातली गोष्ट सांगायला लावली आणि तिचं ध्वनिमुद्रण दुसऱ्यांना त्याच यंत्रात ऐकवलं. सांगणाऱ्याच्या मेंदूत जे नक्षीकाम उमटलं, तेच थोड्या वेळानं ऐकणाऱ्याच्या मेंदूत उमटत गेलं. काही जागी तर ऐकणारा पुढचा अंदाज बांधून सांगणाऱ्याच्याही आधी पोचत होता. ज्यांच्यात हा मेळ जास्त, त्यांना गोष्ट जास्त समजलेली. रशियन न येणाऱ्यांना रशियन भाषेत गोष्ट ऐकवली तेव्हा मात्र हा मेळ नाहीसा झाला. २०१० चा हा अभ्यास लहान आहे, पण 'तार जुळली' हा आपला वाक्प्रचार किती नेमका आहे, हे त्यावरून कळतं.

आयुष्य वाढतं का?

वाचनानं आयुष्य वाढतं, असा संदेश तुमच्याकडेही कधी तरी आला असेल. तो येल विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासावरून फिरतो. पन्नाशीपुढच्या ३,६३५ अमेरिकनांचा बारा वर्षं मागोवा घेतला. पुस्तकं वाचणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी आढळला. वर्तमानपत्रं आणि मासिकं वाचणाऱ्यांना फायदा त्याहून कमी. हे वर्तमानपत्रातच लिहावं लागतंय, याला इलाज नाही. संशोधकांनी शिक्षण, संपत्ती, आधीचे आजार, नैराश्य यांचा हिशेब वजा करून पाहिला, तरी फरक उरला.

तरीही हे प्रिस्क्रिप्शनवर लिहिण्याजोगं औषध नाही, हे सांगणं माझं कर्तव्य आहे. जो वाचतो त्याच्याकडे बहुधा वेळ असतो, उजेडाची खोली असते, चष्मा असतो आणि रोज बारा तास उभं राहावं लागेल असं काम नसतं. असा माणूस तसाही जास्त जगतो. आकडेमोडीत यातलं सगळंच वजा करता येत नाही. स्मृतिभ्रंशाचंही तसंच. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, पट-पत्त्यांसारखे बैठे खेळ, वाद्य वाजवणं आणि नृत्य करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी दिसला. उत्साहवर्धक आहे. पण स्मृतिभ्रंश निदान होण्याच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूत सुरू झालेला असतो. त्यामुळे वाचन सोडल्यानं आजार आला, की आजार येऊ घातला होता म्हणून वाचन सुटलं, हे सोडवायला कठीण कोडं आहे.

कथा-कादंबऱ्यांनी दुसऱ्याचं मन वाचण्याची क्षमता वाढते, असाही एक अभ्यास २०१३ मध्ये गाजला होता. थोडा वेळ दर्जेदार कथा वाचायला द्यायची आणि लगेच डोळ्यांच्या फोटोंवरून भावना ओळखायला सांगायच्या, अशी त्याची रीत. पुढे इतरांनी मोठ्या संख्येनं तोच प्रयोग केला तेव्हा परिणाम दिसला नाही. मला त्यात नवल वाटलं नाही. वीस मिनिटांत माणूस समंजस झाला असता तर साहित्य संमेलनांत वाद झालेच नसते.

माणसांच्या सोबतीबद्दलचा पुरावा मात्र अधिक भक्कम आहे. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र केले, तीन लाखांवर माणसांचे. ज्यांचे नातेसंबंध घट्ट, त्यांची त्या त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. सोबतीचा हा परिणाम धूम्रपानासारख्या परिचित धोक्यांच्या पंक्तीत बसवावा इतका मोठा निघाला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सामाजिक संबंधांवर स्वतंत्र आयोग नेमला, तो अशाच पुराव्यांच्या आधारावर. म्हणून माझं मत असं की पुस्तकाचा मेंदूला थेट फायदा किती, हा वाद संशोधकांना घालू द्यावा. पुस्तकाच्या निमित्तानं माणूस माणसाशी बोलतो, यातला फायदा पुरेसा आहे. निवृत्त माणसाला फोन करायला कारण लागतं. 'सहज केला' म्हणणं अनेकांना जमत नाही, पुरुषांना तर विशेष. 'ते पुस्तक परत कधी देताय?' हे कारण चालतं.

औषधाच्या चिठ्ठीवर पुस्तक

पुस्तक आणि उपचार यांची जोडी नवीन नाही. इंग्रजीत 'बिब्लिओथेरपी' हा शब्द १९१६ साली सॅम्युअल क्रॉदर्स यांच्या एका गमतीदार लेखातून आला. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं पुस्तकं पोचवली. या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये डॉक्टरांनी सौम्य नैराश्याच्या रुग्णांना चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यायचं आणि रुग्णानं ते वाचनालयातून घ्यायचं, अशी योजना सुरू झाली आणि पुढे ती तिथे बरीच पसरली.

ही पुस्तकं म्हणजे विचारांची वळणं ओळखून ती बदलण्याचे स्वाध्याय असतात. साठीपुढच्या नैराश्यग्रस्तांवर फॉरेस्ट स्कॉगिन यांनी १९८० च्या दशकात केलेल्या चाचण्यांत अशा पुस्तकानं सौम्य ते मध्यम नैराश्य कमी झालं. त्या चाचण्यांतली एक बाब मला महत्त्वाची वाटते. पुस्तक देऊन रुग्णाला सोडून दिलं नव्हतं. दर आठवड्याला त्याला थोडा वेळ फोन केला जायचा. नंतरच्या अभ्यासांतही हेच पुन्हा पुन्हा दिसलं, की स्वाध्यायाच्या पुस्तकामागे विचारपूस करणारा माणूस असेल तर उपयोग जास्त.

दुसरी रीत लिव्हरपूलमधली. तिथल्या जेन डेव्हिस यांनी सुरू केलेल्या 'द रीडर' या संस्थेच्या वाचनगटांत आधी घरी वाचून यायचं नसतं. सगळे बसल्यावर एक जण मोठ्यानं वाचतो, कथा किंवा कविता, मध्ये थांबतो, ज्याला वाटेल तो बोलतो. ज्याला बोलायचं नाही त्यानं चहा पीत ऐकावं. वाचायचं असतं ते साहित्य. 'आनंदी कसे राहाल' छापाचं काही नाही. दवाखाने, वृद्धाश्रम, तुरुंग अशा ठिकाणी हे गट चालतात. जुनाट वेदनेच्या रुग्णांवरही त्याचे छोटे अभ्यास झाले आहेत. रुग्ण तिथे आपल्या दुखण्याबद्दल बोलत नाही, गोष्टीतल्या पात्राबद्दल बोलतो, आणि पात्राच्या आडून स्वतःबद्दल जे बोलतो ते त्यानं डॉक्टरला कधी सांगितलेलं नसतं. आपल्याकडे पोथी हीच पद्धत होती की! एक वाचायचा, बाकीच्या वाती वळता वळता ऐकायच्या आणि अध्याय संपला की सुनांच्या वागण्यापासून देवांच्या वागण्यापर्यंत चर्चा व्हायची. वाचता न येणाऱ्या आजीला तिथे मत होतं.

पुस्तकं माणसांपर्यंत नेण्याची कळकळ आपल्याकडे आजही आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातल्या पुस्तकांच्या पेट्या राज्याबाहेर, परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही पोचल्या. साताऱ्यातलं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिथे लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकं आहेत. सरकारी रुग्णालयांकडे मात्र ही पेटी अजून फारशी वळलेली नाही. आमच्याकडे ज्याला रोगानं धरलं त्याच्याइतकाच वेळ त्याच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाकडेही असतो, आणि तो वेळ भिंतीकडे बघण्यात जातो.

वाचन का सुटतं?

आता त्या 'का'कडे येतो. एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे सहा महिने येत होते. कधी छातीत धडधड, कधी डोकं जड, कधी 'गळून गेल्यासारखं'. ईसीजी ठीक, साखर ठीक. पत्नी वर्षभरापूर्वी गेलेली. वाचनाबद्दल विचारल्यावर म्हणाले, 'पूर्वी आठवड्याला दोन पुस्तकं. आता मन लागत नाही.' मुलगा मध्येच म्हणाला, 'बाबा आता टीव्हीच बघतात.' म्हणजे मुलानं वाचन सुटणं पाहिलं होतं, पण त्यात काही बिघडलंय असं त्याला वाटलं नव्हतं. आणखी विचारल्यावर निघालं ते असं : पुस्तक आणायचे ते, पण आधी वाचायची पत्नी. ती रात्री जेवताना सांगायची, 'हे पहिली पन्नास पानं रेटा, मग चांगलं आहे.' आता पन्नास पानं रेटायला सांगणारं कुणी नव्हतं. त्यांना नैराश्य होतं, औषध सुरू केलं. त्याच वेळी डोळ्यांच्या विभागात पाठवलं, कारण उजव्या डोळ्यात चांगला पिकलेला मोतीबिंदू होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मन लागत नव्हतं आणि दिसतही नव्हतं, आणि माणूस स्वतः या दोहोंत फरक करू शकत नव्हता.

डोळ्यांचं कारण इतकं साधं आहे की ते नजरेतून सुटतं. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होणं अटळ आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे थोड्या रुपयांचा चष्मा. आसाममधल्या चहामळ्यांवर चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर एक चाचणी झाली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची पानं खुडण्याची उत्पादकता चष्मा न दिलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. चहाची पानं खुडताना एवढा फरक पडत असेल, तर बारीक टायपातली कादंबरी वाचताना किती पडेल?

पक्षाघातानंतर वेगळाच घोळ होतो. डाव्या मेंदूच्या मागच्या भागात रक्तपुरवठा थांबला तर दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसेनासं होतं. मराठीची ओळ डावीकडून उजवीकडे जाते, म्हणजे पुढचा शब्दच अंधारात. घरचे म्हणतात, 'आता त्यांना पुस्तकाची गोडी राहिली नाही.' क्वचित याहून चमत्कारिक : माणूस लिहू शकतो, पण स्वतः लिहिलेलं वाचू शकत नाही. फ्रेंच डॉक्टर दॅजेरीन यांनी १८९२ मध्ये असा रुग्ण वर्णन केला होता. मगाशी सांगितलेला अक्षरं ओळखणारा तुकडा तुटला की असं होतं. अशा रुग्णाला वाचून दाखवावं. ऐकायला आणि त्यावर भांडायला त्याचा मेंदू शाबूत असतो.

वाचकांचे गट इथे फार उपयोगी पडू शकतात, आणि हे त्यांच्या लक्षात आलेलं नसतं. घरातल्यांना रोजचा माणूस रोज दिसतो, त्यामुळे हळूहळू झालेला बदल दिसत नाही. जो गट पाच वर्षं त्या माणसाची मतं वाचतोय, त्याला दिसतो. तावातावानं लिहिणारे काका महिनाभर गप्प आहेत. नेमकं बोलणाऱ्या ताईंच्या मजकुरात गोष्टीचा धागा मध्येच सुटतोय. एकाच आठवड्यात तेच पुस्तक त्याच लोकांना तिसऱ्यांदा 'नवीन मिळालं' म्हणून सुचवलं जातंय. पात्राचं नाव न आठवणं यात मी धरत नाही. ते सगळ्यांचं होतं. पण वरच्यासारखं काही दिसलं तर गटात जाहीरपणे थट्टा करण्याऐवजी एकानं फोन करावा, शक्य तर घरी जावं आणि डॉक्टरकडे न्यायला सुचवावं. अशा रुग्णांत सगळ्यांनाच स्मृतिभ्रंश निघत नाही. थायरॉईड कमी असतं. शाकाहारी माणसांत बी-१२ घसरलेलं असतं. झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू असते. ऐकू कमी येत असतं. कधी महिन्यापूर्वी घसरून पडल्याचं कुणाला आठवत नसतं आणि डोक्यात हळूहळू रक्त साचलेलं असतं. यातलं बरंचसं उपचारानं सुधारतं, वेळेत आलं तर.

'हे वाच, साखर जाईल'

पुस्तक सुचवण्याची एक काळी बाजू आहे, आणि ती मला वॉर्डात भेटते. गेल्या पावसाळ्यात चाळिशीतली एक बाई बेशुद्धावस्थेत दाखल झाली. श्वास खोल आणि जलद, रक्तातली साखर पाचशेच्या वर, लघवीत कीटोन. तिला लहान वयापासून इन्शुलिन चालू होतं. ते तिनं आठवड्यापूर्वी थांबवलं होतं, कारण मैत्रिणीनं दिलेल्या पुस्तकात मधुमेह आहारानं 'मुळापासून' जातो असं लिहिलं होतं. ती वाचली. ज्या मधुमेहात शरीर इन्शुलिन तयारच करत नाही आणि ज्यात तयार होतं पण पुरत नाही, हे दोन आजार वेगळे आहेत. दुसऱ्यात आहारानं आणि वजन घटवून काहींची औषधं खरोखर कमी होतात, कधी बंदही करता येतात. पहिल्यात इन्शुलिन थांबवणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. पुस्तक सुचवणाऱ्या मैत्रिणीला हा फरक माहीत असायचं काही कारण नव्हतं. तिनं ते मायेनं दिलं होतं.

म्हणून आरोग्याच्या पुस्तकांपुरता माझा आग्रह आहे : सुचवताना 'मला यातून काय मिळालं' एवढंच सांगा, 'तुझं काय होईल' हे सांगू नका. आणि पुस्तक वाचून कुठलंही चालू औषध बंद करण्याआधी ते पुस्तक घेऊन डॉक्टरकडे जा. पुस्तक टेबलावर ठेवून रुग्णानं प्रश्न विचारले तर बहुतेक डॉक्टरांना राग येत नाही. आला तर डॉक्टर बदलायला हरकत नाही.

कर्करोगाच्या रुग्णांवर तर पुस्तकांचा पाऊस पडतो. स्तनाच्या कर्करोगाची एक शिक्षिका केमोसाठी यायची. भेटायला येणारा प्रत्येक जण सकारात्मक विचारांचं पुस्तक द्यायचा. चार झाली. ती मला म्हणाली, 'सर, ही वाचून मला रडायचीसुद्धा भीती वाटायला लागलीय. रडले तर गाठ वाढेल असं वाटतं.' तिला मी एक अभ्यास सांगितला. डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला. मनःस्थिती चांगली असण्या-नसण्याचा आणि किती काळ जगले याचा त्यात काहीच संबंध आढळला नाही. मन प्रसन्न असेल तर दिवस बरा जातो, उपचार सहन होतात, हे खरंच. पण रडल्यानं गाठ वाढत नाही. तिला हवं काय होतं? रहस्यकथा. दर केमोला एक. तिच्या शाळेतल्या शिपाईमामांनी कुठून कुठून जुन्या, पिवळ्या पडलेल्या मिळवून दिल्या.

रात्रीच्या वाचनाबद्दल दोन शब्द, कारण हा प्रश्न नेहमी येतो. मोबाइल किंवा टॅबच्या पडद्यावर झोपण्यापूर्वी वाचलं तर मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दबतं आणि झोप उशिरा लागते. २०१४ च्या एका छोट्या अभ्यासात छापील पुस्तकाच्या तुलनेत हा फरक सुमारे दहा मिनिटांचा होता, म्हणजे प्रलय नव्हे. खरा त्रास पुस्तकाचा नसतोच. पुस्तकावरचं मत टाकल्यावर कोण काय म्हणालं, हे पाहायला माणूस पुन्हा पुन्हा फोन उचलतो, तो त्रास. मत सकाळी टाका. रात्रीतून ते सहसा सौम्यही होतं.

आमच्या डायलिसिस विभागात गेली दोन-तीन वर्षं एक कपाट आहे. तिथल्या सिस्टरनी घरचे जुने दिवाळी अंक आणून सुरुवात केली. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी जवळपास चार तास. ज्यांच्या हातात सुया असतात त्यांना तो हात हलवता येत नाही आणि एका हातात दिवाळी अंक धरणं म्हणजे कसरत. ज्यांना मानेतून नळी आहे त्यांचे दोन्ही हात मोकळे. त्यामुळे मोकळ्या हातांचा माणूस वाचतो आणि शेजारच्या खाटेवरचा ऐकतो, ही व्यवस्था कुणी न ठरवता झाली. सकाळच्या पाळीत अर्धी राहिलेली कथा दुपारच्या पाळीतलं कुणी तरी पुढे नेतं. अंकात आता चिठ्ठ्या सापडतात, औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेल्या. परवा राऊंडला एक पाहिली. 'पान ४७ ची गोष्ट वाचा. सून बरोबर आहे.' त्याखाली दुपारच्या पाळीतल्या कुणाचं तरी अक्षर : 'सून बरोबर नाही. गुरुवारी सकाळी येतो, तेव्हा बोलू.'